सत्तावीस ओळींची करामत

युनिक्स घराण्यातल्या कुठल्याही संगणकात एक अजब आज्ञा आहे. तिचं नाव फोर्क. चालू प्रोग्रॅमने ती एकदा दिली, की तिचं उत्तर दोनदा येतं. एकदा शून्य येतं आणि एकदा चार-पाच आकडी एखादी संख्या. यात बिघाड काहीच नसतो. आज्ञा देणारा एक होता, उत्तर घेणारे तेवढ्यात दोन झालेले असतात. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, त्या चालत्या प्रोग्रॅमची हुबेहूब प्रत काढलेली असते. मेमरी तीच, उघडलेल्या फायली त्याच, आणि दोघंही प्रोग्रॅमच्या एकाच ओळीवर उभे. आधीचा सगळा इतिहास दोघांना सारखाच आठवतो. कोण कोणाचा, हे कळायला त्या उत्तराखेरीज दुसरी खूण नाही. ज्याला शून्य मिळालं तो मूल. ज्याला संख्या मिळाली तो पालक, आणि ती संख्या हा मुलाचा ओळखक्रमांक.

ही कल्पना वेबपेक्षा बरीच जुनी आहे. मेल्विन कॉन्वे यांनी ती १९६३ मध्ये कागदावर मांडली. बर्कली विद्यापीठाच्या प्रोजेक्ट जीनीत तिचं एक रूप प्रत्यक्षात आलं, आणि तिथून ती केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्यापर्यंत पोचली. न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये पीडीपी-७ नावाच्या जुनाट यंत्रावर १९६९ मध्ये युनिक्स आकाराला येत होतं. त्या यंत्राची मेमरी आजच्या हिशेबाने जेमतेम १८ किलोबाइट. मोबाइलवर काढलेला एक फोटोही तिच्यात मावला नसता. दुसऱ्या प्रोग्रॅमची पाळी आली, की पहिला उचलून डिस्कवर ठेवायचा, असा तिथला शिरस्ता होता. फोर्कची युक्ती यातूनच निघाली. चालू प्रोग्रॅमची प्रत डिस्कवर उतरवायची आणि मेमरीतला प्रोग्रॅमही तसाच चालू ठेवायचा. झाल्या दोन प्रोसेस, म्हणजे दोन चालते प्रोग्रॅम! उचलून ठेवण्याची सोय आधीपासूनच असल्यामुळे नव्याने फार काही लिहावंच लागलं नाही. पीडीपी-७ वरच्या फोर्कला असेंब्ली भाषेच्या बरोबर २७ ओळी लागल्या, असं रिचींनी पुढे नोंदवून ठेवलं आहे.

आज पायथॉन, रूबी किंवा पर्लमध्ये लिहिलेल्या असंख्य वेबसाइटी या २७ ओळींच्या वारशावर चालतात. रूबीसाठी युनिकॉर्न, पायथॉनसाठी ग्युनिकॉर्न, पर्लसाठी स्टारमन, असे वेगवान वेब सर्व्हर आहेत. त्यांच्या पोटात शिरून पाहिलं की आधी चकित व्हायला होतं ते त्यांच्या साधेपणाने. भारी गणित नाही, चतुर वेळापत्रक नाही, कामाची वाटणी करणारा कोणी मुकादमही नाही. महागडं काम आधी एकदाच करून घ्यायचं आणि उरलेलं कर्नलवर सोपवायचं, एवढंच त्यांचं धोरण. ते इतकं फळतं कसं, ही सगळी कथाच मोठी रंजक आहे.

सुरुवात अडचणीपासून करू. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एनसीएसए या संस्थेत सीजीआय ही पद्धत ठरली. ब्राउझरकडून रिक्वेस्ट आली की सर्व्हरने एक नवी प्रोसेस जन्माला घालायची. त्या प्रोसेसने पर्लचा इंटरप्रिटर मेमरीत आणायचा, प्रोग्रॅमची फाइल पहिल्या ओळीपासून वाचायची, डेटाबेसशी जोडणी करायची, पान तयार करून द्यायचं आणि मरून जायचं. पुढची रिक्वेस्ट आली की पुन्हा श्रीगणेशा. छोट्या प्रोग्रॅमांपुरतं हे खपून गेलं. पण पुढे जँगो आणि रेल्ससारख्या चौकटी आल्या. त्यांच्यावर बांधलेलं मोठं ॲप्लिकेशन नुसतं उभं राहायलाच काही सेकंद लागतात, आणि मग पान तयार होतं ते सेकंदाच्या एखाद्या शतांशात. तयारीला सेकंद आणि कामाला शतांश, असा हा उफराटा हिशेब होता.

मग एकच प्रोसेस कायम जिवंत ठेवली आणि सगळ्या रिक्वेस्ट तिच्याकडेच पाठवल्या तर? इथे स्क्रिप्टिंग भाषांचा स्वभाव आड येतो. पायथॉनच्या नेहमीच्या इंटरप्रिटरमध्ये एक सर्वव्यापी कुलूप असतं. एका प्रोसेसमध्ये कितीही थ्रेड, म्हणजे कामाचे समांतर धागे, काढले, तरी पायथॉनचा कोड एका क्षणी एकाच थ्रेडमध्ये चालतो. रूबीच्या मूळ इंटरप्रिटरचीही तीच तऱ्हा. म्हणजे संगणकात आठ कोअर असले तरी एक प्रोसेस त्यातला एकच वापरते आणि बाकीचे सात रिकामे बसतात. हे कुलूप काढण्याचे प्रयत्न चालू आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पायथॉन ३.१३ मध्ये कुलपाविना चालणारी आवृत्ती प्रायोगिक म्हणून दिली गेली. पण वेब सर्व्हर लिहिणाऱ्यांना तोवर थांबून चालण्यासारखं नव्हतं. एका प्रोसेसमध्ये एकच काम चालणार असेल, तर प्रोसेसच अनेक करायच्या, हा त्यांचा सरळ हिशेब.

प्रत्येक प्रोसेसने सगळी तयारी स्वतंत्रपणे करायची म्हटलं, तर वेळ आणि मेमरी दोन्हीचा चुराडा. इथे फोर्क कामाला येतो. आधी एक मास्टर प्रोसेस सुरू होते. ती ॲप्लिकेशनचा सगळा कोड वाचून सज्ज होते आणि मगच फोर्कची आज्ञा देते. जन्माला येणारं प्रत्येक मूल पालकाची प्रत असल्यामुळे सज्ज होऊनच जन्मतं. त्याला पहिल्या ओळीपासून काही वाचावं लागत नाही. रिक्वेस्ट येण्याआधीच मुलं तयार ठेवायची, म्हणून या पद्धतीला प्रीफोर्क म्हणतात. १९९५ मध्ये आलेल्या अपाची सर्व्हरमुळे ती सर्वदूर पोचली. रूबीच्या जगात एरिक वाँग यांनी २००९ मध्ये युनिकॉर्न आणला, आणि गिटहबने त्याच वर्षी तो स्वीकारला. त्याच घडणीचा ग्युनिकॉर्न बनवा शेनो यांनी पायथॉनसाठी तयार केला, तर पर्लसाठी तात्सुहिको मियागावा यांनी स्टारमन लिहिला. मुंबईत घडलेलं आणि जगभर वापरलं जाणारं ईआरपीनेक्स्ट हे मुक्त सॉफ्टवेअरही प्रत्यक्ष वापरात ग्युनिकॉर्नवरच चालतं. कुठल्याशा कारखान्याचा कारकून त्यात पावती टाकतो, तेव्हा ती असंच एखादं फोर्कमधून जन्मलेलं मूल हाताळत असतं.

आता खरी गंमत. मास्टर फोर्क करण्याआधी आणखी एक काम करतो. तो एक सॉकेट उघडतो, म्हणजे अमुक पोर्टवर येणाऱ्या जोडण्या माझ्याकडे द्या, असं कर्नलला सांगून ठेवतो. उघडलेली प्रत्येक गोष्ट फोर्कमधून मुलांकडे जाते, तसा हा सॉकेटही जातो. मग सगळी मुलं, म्हणजे वर्कर, त्या एकाच सॉकेटवर ‘पुढची जोडणी मला दे’ असं म्हणून झोपी जातात. जोडणी आली की कर्नल त्यातल्या एकाला जागं करून ती त्याच्या हाती देतो. मास्टरला त्याचा पत्ताही नसतो. एकाही रिक्वेस्टचा एकही बाइट त्याच्या हातून जात नाही. ही कोणाला द्यावी, असा निर्णय त्याला कधी घ्यावाच लागत नाही.

यात किती मोठा लाभ आहे, हे कळायला युनिकॉर्नच्या आधीची पद्धत पाहावी लागेल. रूबीवाल्यांचा तेव्हाचा लाडका सर्व्हर होता झेड शॉ यांचा मंगरेल. मंगरेलच्या आठ प्रोसेस चालवायच्या तर प्रत्येकीला वेगळा पोर्ट द्यायचा आणि पुढे एक वाटप्या बसवायचा. तो रिक्वेस्ट पाळीपाळीने देत जाई. एखाद्या प्रोसेसकडे दहा सेकंदांचं किचकट काम आलं, की तिच्या पाळीला आलेल्या साध्यासुध्या रिक्वेस्टही मागे तुंबून राहात, आणि शेजारची प्रोसेस मात्र मोकळी बसलेली असे. रेल्वेच्या आरक्षण केंद्रात प्रत्येक खिडकीला वेगळी रांग असली की हाच अनुभव येतो. पुढच्या माणसाने पैशांवरून हुज्जत घातली की आपण अडकलो. सगळ्या खिडक्यांना मिळून एकच रांग लावली आणि जी खिडकी मोकळी होईल तिच्याकडे रांगेतला पहिला माणूस गेला, तर कोणीच विनाकारण खोळंबत नाही. युनिकॉर्नमध्ये ही एकच रांग कर्नलच्या आत असते. त्यात मुळात १०२४ जोडण्या थांबू शकतात, ग्युनिकॉर्नमध्ये २०४८. जो वर्कर गुंतलेला असतो तो पुढची जोडणी मागतच नाही, म्हणून त्याच्याकडे काम जातच नाही. अशी समतोल वाटणी होते, आणि ती करण्यासाठी लिहिलेली एकही ओळ सर्व्हरमध्ये सापडत नाही!

ही घडी बसायला मात्र वेळ लागला. पूर्वीच्या कर्नलमध्ये एक जोडणी आली की झोपलेल्या सगळ्याच प्रोसेस खडबडून जाग्या होत. शंभर उठत, एकीला जोडणी मिळे आणि नव्व्याण्णव हात हलवत परत झोपत. त्या उठबशीतच प्रोसेसरची शक्ती वाया जाई. अपाचीने त्यावर उपाय म्हणून दाराशी जाण्यासाठी आधी एक कुलूप मिळवण्याची अट घातली होती. २००१ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.४ मालिकेत एका जोडणीसाठी एकालाच उठवायची सोय झाली आणि ती पळापळ संपली.

दुसरं आश्चर्य मेमरीचं. समजा, ॲप्लिकेशन उभं राहायला २०० मेगाबाइट लागतात आणि आपल्याला आठ वर्कर हवेत. प्रत्येक मूल जर हुबेहूब प्रत असेल, तर मास्टर धरून १८०० मेगाबाइट लागायला हवेत. प्रत्यक्षात फोर्कच्या क्षणी त्यातलं जवळपास काहीच लागत नाही. कर्नल मेमरीचे पानांमध्ये भाग पाडतो, आणि नेहमीच्या प्रोसेसरवर एक पान ४०९६ बाइटचं असतं. फोर्क झाल्यावर तो पानं उतरवून काढत बसत नाही. पालक आणि मूल दोघांनाही तीच पानं दाखवतो आणि त्यांच्यावर ‘फक्त वाचण्यासाठी’ अशी खूण करून ठेवतो. दोघांपैकी कोणी एखाद्या पानावर लिहायला गेलं की प्रोसेसर अडवतो, कर्नल घाईघाईने त्या एका पानाची प्रत काढतो आणि लिहिणाऱ्याला ती देतो. लिहिणाऱ्याला यातलं काही कळतही नाही. जे बदललं त्याचीच प्रत, आणि तीही बदलेल तेव्हाच. प्रोग्रॅमचा कोड, शब्दकोश, तक्ते हे सगळं बहुतेक वेळा नुसतं वाचायचंच असतं, त्यामुळे ते आठही वर्करांत मिळून एकदाच राहायला हवं.

राहायला हवं, पण स्क्रिप्टिंग भाषांनी इथे एक पाचर मारून ठेवली होती. पायथॉनमधल्या प्रत्येक वस्तूच्या कपाळावर एक आकडा असतो: सध्या मला कितीजण धरून आहेत. हा आकडा शून्यावर आला की वस्तू टाकून द्यायची. त्यामुळे एखादी वस्तू नुसती वाचायला हाती घेतली, तरी तिचा आकडा एकाने वाढतो. आकडा वाढला म्हणजे पानावर लिहिलं गेलं, आणि लिहिलं गेलं म्हणजे कर्नलने अख्ख्या पानाची प्रत काढली. वाचणं हेच लिहिणं ठरलं! शिवाय कचरा वेचणारी वेगळी यंत्रणा अधूनमधून सगळ्या वस्तूंमधून फेरी मारते आणि प्रत्येकीवर खुणा करत जाते. फोर्कनंतर थोड्याच वेळात वाटून घेतलेली मेमरी अशी भराभर वेगळी होऊ लागे.

या अडचणीवर चांगली डोकी झिजली आहेत. रूबीमध्ये नारिहिरो नाकामुरा यांनी कचरावेचकाच्या खुणा वस्तूंवरून उचलून वेगळ्या तक्त्यात नेल्या. फेब्रुवारी २०१३ मधल्या रूबी २.० पासून वस्तूंची पानं त्यामुळे कोरी राहू लागली. इन्स्टाग्रामचे सर्व्हर पायथॉनवर चालतात. तिथल्या अभियंत्यांनी २०१७ च्या सुरुवातीला जाहीर केलं की आम्ही कचरावेचक चक्क बंद केला, आणि त्यातून आमचे सर्व्हर सुमारे १० टक्के अधिक कार्यक्षम झाले. झाडू मारणंच बंद केल्याने घर नीटनेटकं राहावं, असा हा चक्रावून टाकणारा निष्कर्ष. पुढे २०१८ मधल्या पायथॉन ३.७ मध्ये, फोर्कच्या आधी असलेल्या वस्तू कचरावेचकाच्या फेरीतून कायमच्या वगळण्याची अधिकृत सोय आली. २०२३ च्या पायथॉन ३.१२ मध्ये तर काही वस्तूंना अमर करण्यात आलं. त्यांच्या कपाळावरचा आकडा आता कधी बदलतच नाही, म्हणून त्यांचं पानही त्या कारणाने कधी मळत नाही.

हुबेहूब प्रत असण्याचे काही धोकेही आहेत, आणि तेही तितकेच नवलाचे. यादृच्छिक, म्हणजे रँडम संख्या देणारं यंत्र एका बीजावरून पुढच्या संख्या काढतं. बीज मेमरीत असतं. म्हणजे फोर्कनंतर आठही वर्करांकडे तेच बीज, आणि आठही जण तीच ‘यादृच्छिक’ माळ ओढणार. म्हणून ग्युनिकॉर्न प्रत्येक वर्कर कामाला लागण्यापूर्वी त्याचं बीज बदलून देतो. डेटाबेसची जोडणी तर याहून घातक. मास्टरने ती फोर्कच्या आधी उघडली असेल, तर सगळ्या मुलांच्या हातात एकाच वाहिनीचं टोक येतं. एकाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याने वाचलं की अनर्थ. त्यावरचा नियम सोपा आहे: कोड आधी वाचा, जोडण्या नंतर उघडा. युनिकॉर्न आणि ग्युनिकॉर्न दोघंही फोर्क झाल्या झाल्या आपलं काम करून घेण्यासाठी एक जागा राखून ठेवतात ती यासाठीच.

रिक्वेस्टला हातही न लावणारा मास्टर मग दिवसभर करतो काय? तो मुलं मोजतो. आठ हवीत आणि सातच उरली, की एक फोर्क करतो. एखादा वर्कर मेला तर कर्नल मास्टरला कळवतोच, पण मेला नाही आणि नुसताच अडकून पडला तर? ग्युनिकॉर्नची यावरची युक्ती देखणी आहे. प्रत्येक वर्करसाठी एक तात्पुरती फाइल उघडली जाते आणि लगेच तिचं नाव डिरेक्टरीतून पुसलं जातं. नाव गेलं तरी फाइल उघडी असेपर्यंत जिवंत असते. वर्कर अधूनमधून तिच्यावरची वेळेची नोंद ताजी करतो. मास्टर ती वेळ पाहात राहतो. मुळातल्या मांडणीत ३० सेकंद नोंद हलली नाही, तर मास्टर आधी त्या वर्करला थांबायला फर्मावतो, तरी हलला नाही तर ठार करतो, आणि त्याच्या जागी नवा जन्माला घालतो. निनावी फाइलीमागे कचराही उरत नाही. तिला धरून ठेवणारं कोणी उरलं नाही, की कर्नल ती स्वतःच मोडीत काढतो. आपल्याला कधीकधी एखाद्या वेबसाइटवर ‘५०२ बॅड गेटवे’ अशी पाटी दिसते. तिच्यामागे अनेक कारणं असू शकतात, पण त्यातलं एक हे की आपली रिक्वेस्ट हाताळणारा वर्कर वेळ संपल्यामुळे नुकताच मारला गेलेला असतो. शेजारच्या वर्करांना मात्र त्याची झळ पोचत नाही. प्रत्येकाची मेमरी वेगळी, म्हणून एकाचं मरण दुसऱ्याला बाधत नाही.

मरण हे इथे औषध म्हणूनही वापरतात. मोठ्या प्रोग्रॅममध्ये कुठेतरी मेमरी गळत असते आणि वर्कर हळूहळू फुगत जातो. गळती शोधायला महिने लागतील, पण वर्कर बदलायला क्षणही लागत नाही. म्हणून ठरावीक रिक्वेस्ट झाल्या की वर्करने आपणहून निवृत्त व्हायचं, अशी सोय असते. स्टारमनमध्ये ही मर्यादा मुळातच १००० रिक्वेस्टची आहे. सगळ्यांची निवृत्ती एकाच वेळी येऊ नये, म्हणून ग्युनिकॉर्नमध्ये या मर्यादेत थोडा फेरफार मिसळता येतो.

मास्टरशी बोलायची भाषाही जुनीच, युनिक्सच्या सिग्नलांची. टीटीआयएन नावाचा सिग्नल मुळात टर्मिनलच्या व्यवहारासाठी होता. पडद्यामागे ठेवलेल्या प्रोग्रॅमने टर्मिनलवरून काही वाचायचा प्रयत्न केला की त्याला थोपवण्यासाठी तो पाठवला जाई. वेब सर्व्हरला टर्मिनलशी कर्तव्य नाही, म्हणून युनिकॉर्नने त्याला नवं काम दिलं: एक वर्कर वाढव. त्याचा जोडीदार टीटीओयू आला की एक वर्कर कमी. सर्वांत थक्क करणारा सिग्नल यूएसआर-२. तो मिळाला की जुना मास्टर एक नवा मास्टर जन्माला घालतो, आणि तो नवा मास्टर डिस्कवरून सर्व्हरची आणि ॲप्लिकेशनची नवी आवृत्ती उचलतो. उघडा सॉकेट मात्र जुन्याकडून वारशाने घेतो. काही काळ जुने आणि नवे वर्कर एकाच रांगेतून काम उचलत राहतात. नवं नीट चालतंय अशी खात्री झाली की जुन्यांना हातातलं काम संपवून जायला सांगायचं. बिनसलं तर नव्यांना घालवून जुन्यांना परत बोलवायचं. वेबसाइटचा सगळा प्रोग्रॅम बदलून जातो, आणि पोर्ट एका क्षणासाठीही बंद झालेला नसतो.

मग वर्कर किती ठेवावेत? ग्युनिकॉर्नच्या माहितीपुस्तिकेतला ठोकताळा आहे: कोअरच्या संख्येची दुप्पट आणि वर एक. एक वर्कर डेटा वाचण्या-लिहिण्यात गुंतला असताना दुसऱ्याने त्या कोअरवर काम करावं, हा त्यामागचा विचार. चार कोअर असतील तर नऊ वर्कर. त्याच पुस्तिकेचं म्हणणं असं, की सेकंदाला शेकडो ते हजारो रिक्वेस्ट पेलायला ४ ते १२ वर्कर पुरतात. आकडा ऐकून विश्वास बसत नाही, पण हिशेब करून पाहा. एक पान २० मिलिसेकंदांत तयार होत असेल, तर एक वर्कर सेकंदाला ५० पानं देतो आणि दहा वर्कर ५००. शंभर वर्कर ठेवून शंभरपट पानं मिळत नाहीत. कोअर तेवढेच राहतात आणि वर्कर एकमेकांच्या पायात पाय घालतात.

या पद्धतीची एक मोठी मर्यादा याच हिशेबात दडलेली आहे. वर्कर एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळतो. समोरचा फोन डोंगराआडच्या लटपटत्या नेटवर्कवर असेल आणि पान उतरवायला दहा सेकंद घेत असेल, तर तेवढा वेळ वर्कर अडकून पडतो. असे दहा फोन एकाच वेळी आले की दहाही वर्कर संपले. युनिकॉर्नच्या कर्त्याने हे कधी लपवलं नाही. हा सर्व्हर वेगवान जोडण्यांसाठीच आहे, असं त्याच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट म्हटलं आहे. म्हणून त्याच्या पुढ्यात एनजिंक्स बसवतात. इगोर सिसोएव यांनी २००४ मध्ये खुला केलेला हा सर्व्हर हजारो संथ जोडण्या फारशी मेमरी न खाता धरून ठेवतो. तो रिक्वेस्ट पूर्ण गोळा करतो, वर्करला एका दमात देतो, उत्तर एका दमात घेतो आणि मग फोनला त्याच्या गतीने पाजत बसतो. तासन्‌तास उघड्या राहणाऱ्या चॅटसारख्या कामांना मात्र प्रीफोर्क शोभत नाही. तिथे एकाच प्रोसेसमध्ये असंख्य जोडण्या सांभाळणारी पद्धतच हवी.

फोर्कवर टीकाही कमी झालेली नाही. २०१९ मध्ये हॉटओएस या परिषदेत मायक्रोसॉफ्ट रिसर्च, बोस्टन विद्यापीठ आणि झ्युरिकचं ईटीएच इथल्या संशोधकांनी एक निबंध मांडला. फोर्क ही आपल्या काळात हुशार असलेली, पण आता अडथळा होऊन बसलेली गोष्ट आहे, आणि नव्या प्रणालींनी तिला निरोप द्यावा, असा त्यांचा रोख होता. थ्रेडांशी तिचं जमत नाही, मोठ्या मेमरीच्या प्रोसेसची प्रत काढणं स्वस्त राहात नाही, आणि सुरक्षेचे प्रश्न आहेतच. आक्षेप खरे आहेत. तरीही फोर्क ठाण मांडून बसला आहे, आणि तो सर्व्हरच्या खोल्यांपुरता राहिलेला नाही. अँड्रॉइडचा फोन सुरू होतो तेव्हा झायगोट नावाची एक प्रोसेस उठते आणि सगळ्या ॲपना लागणारा सामायिक माल मेमरीत मांडून ठेवते. आपण एखाद्या ॲपवर बोट ठेवलं की झायगोट फोर्क करतो, आणि ते ॲप त्या सगळ्या तयारीसह जन्मतं. मालाची पानं सगळ्यांत मिळून वाटलेली. युनिकॉर्नची सगळी युक्ती खिशात घेऊन आपण हिंडत असतो.

स्क्रिप्टिंग भाषेतलं ॲप्लिकेशन चालवायचं असेल, पानं छोटी आणि झटपट तयार होणारी असतील आणि पुढे एनजिंक्स असेल, तर आजही प्रीफोर्क सर्व्हर हा पहिला आणि बहुतेक वेळा पुरेसा पर्याय आहे. संगणकशास्त्र शिकणाऱ्यांना मात्र याहून एक वेगळी विनंती. हे सगळे सर्व्हर मुक्त स्रोताचे आहेत. ग्युनिकॉर्नच्या मास्टरचं सारं काम आर्बिटर नावाच्या एका फाइलीत आहे, काही शे ओळींचं. प्रोसेसचा जन्म, वारसा, सिग्नल, मरण आणि पुनर्जन्म, पाठ्यपुस्तकात निरनिराळ्या प्रकरणांत विखुरलेलं सगळं तिथे एकत्र नांदताना दिसतं. परीक्षेसाठी फोर्कची व्याख्या पाठ करण्याआधी एक दुपार काढून ती फाइल वाचा.